जुनी प्लेट, नवी सूज

(पडद्यावर : मानवी कवटी. गालाच्या पोकळीतून टॉर्चचा उजेड.)

डोळ्याच्या खोबणीचा तळ बघा, उजेड आरपार येतोय. हे हाड जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. वर डोळा, खाली गालातलं सायनस. बाईकवरून तोंडावर पडलं, सीझन बॉल डोळ्यावर बसला, की पहिला फुटतो तो बहुधा हाच तळ.

मग डोळ्यामागची चरबी, कधी स्नायूही, त्या भगदाडातून खाली उतरतो. डोळा आत जातो, एकाचे दोन दिसतात. सर्जन तिथे आधाराला प्लेट घालतात. पूर्वी सिलिकॉनची चकती असायची, आता बहुतेकदा टायटॅनियमची जाळी किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीनची (एक प्लास्टिक) पट्टी. बहुतेकांना पुढे आयुष्यभर तिचा काही त्रास होत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर उद्या ओपीडीत उगाच रांग लागायची.

थोड्यांच्या बाबतीत मात्र ते प्रकरण मिटलेलं नसतं. ऑपरेशननंतर वीस वर्षांनीही तिथे पू झाल्याच्या नोंदी आहेत.

सुरुवात अगदी साधी. सर्दी होते, गाल जड होतो, किंवा वरची किडकी दाढ ठणकते. मग एका सकाळी खालची पापणी सुजलेली. रांजणवाडी असेल म्हणून मेडिकलमधून थेंब आणले जातात, नंतर गोळ्या. सूज उतरते. गोळ्या संपल्या की परत येते.

(पडद्यावर : तपासणीची खोली.)

"पूर्वी कधी ऑपरेशन?"
"नाही हो डॉक्टर."
"अहो, नाही काय? लग्नाआधी गालात प्लेट टाकली होती ना तुमच्या!"

निदानाचं अर्धं काम इथे बायकोने केलं. इतक्या वर्षांपूर्वीचा अपघात आजच्या सुजेशी कोण जोडणार? आणि जुनं डिस्चार्ज कार्ड कुणाच्या घरी सापडतं?

गोळ्या पुरत नाहीत याचं कारण असं. जंतू प्लेटवर चिकट थर करून बसतात. औषध रक्तातून येतं, आणि प्लेटला रक्तवाहिन्या नसतात. आसपासचे जंतू मरतात, थरातले टिकतात. सिलिकॉनभोवती तर शरीर पिशवीसारखं आवरण बनवतं. कधी सायनसचं अस्तर त्या पिशवीत शिरतं आणि आत स्राव साचत राहतो.

खोबण हाडाची, ती पसरत नाही. आत पू वाढला की डोळा पुढे ढकलला जातो, दृष्टीच्या नसेवर दाब येतो. डोळा हलवताना दुखणं, दोन दोन दिसणं, लाल रंग फिका वाटणं, ताप, नजर मंदावणं : यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. सायनस आणि डोळा किती जवळ आहेत, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत पाहिलंच. तेव्हा बुरशी होती, इथे बहुधा जिवाणू. वाट तीच.

सीटी स्कॅन होतो, शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतात, पू काढतात. सायनसवर किंवा दाढेवरही उपचार करावे लागतात. आणि बहुतेक वेळा प्लेट काढावीच लागते. पेशंटची भीती ठरलेली : डोळा परत आत जाईल का? सहसा जात नाही. इतक्या वर्षांत तिथे चिवट व्रणपेशी तयार झालेल्या असतात, त्या डोळा तोलून धरतात. सिलिकॉनची चकती आवरण कापलं की सहज निसटते. सच्छिद्र पट्टीच्या छिद्राछिद्रांत मात्र पेशी वाढलेल्या असतात, ती सावकाश सोडवावी लागते. काढलेला तुकडा लॅबमध्ये जातो आणि पुढचं औषध त्या रिपोर्टवर ठरतं.