पंधरा फुटांची नदी

ही सेनिओ. उत्तर इटलीतली नदी. पात्र जेमतेम 15 फूट रुंद. आपल्याकडे हिला ओढाच म्हणतील. पण दोन्ही बाजूंचे हे बांध बघा. पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले, 30 ते 35 फूट उंच आणि जवळजवळ उभे.

दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या एप्रिलमध्ये, जर्मन सैन्याने हे बांध पोखरून ठेवले होते. मातीच्या पोटात खंदक, बिळं, मशीनगनची ठाणी. पूर्वेच्या बांधाच्या बाहेरच्या अंगाला ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे आपले भारतीय जवान आणि त्याच बांधाच्या आतल्या अंगाला शत्रू. मध्ये नुसती माती. आतल्या उतारावर काही ठिकाणी सुरुंगही पेरलेले.

9 एप्रिल. दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी हा पट्टा भाजून काढला होता. पण बांध ताब्यात घ्यायचा तर माणसालाच पायी त्यावर चढावं लागतं. ते काम पायदळाचं. सान पोलितोच्या उत्तरेला मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण सज्ज होती. एक कंपनी पूर्वेच्या बांधावर तुटून पडणार आणि तीनच मिनिटांनी दुसरी कंपनी नदी ओलांडून पश्चिमेच्या बांधावर जाणार, असं ठरलं होतं.

या दुसऱ्या कंपनीत नामदेव जाधव होते. नगर जिल्ह्यातले, वय 23. काम रनरचं. गोळीबारात तारा तुटतात, आवाज पोचत नाही, तेव्हा कंपनी कमांडरचा निरोप पायांनी पोचवणारा तो रनर. त्यामुळे ते कमांडरच्या सोबतच, पुढच्या सेक्शनच्या, म्हणजे छोट्या तुकडीच्या, लगेच पाठोपाठ होते.

ही तुकडी पाण्यातून पलीकडे निघाली आणि गोळ्या आल्या त्या पाठीमागून. मागे राहिलेल्या पूर्वेच्या बांधात किमान तीन ठाणी अजून जिवंत होती. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. नामदेव वगळता बाकी सगळे जागीच गेले.

पाण्याची ही पातळी नीट बघा. चार ते पाच फूट, म्हणजे छाती-खांद्यापर्यंत. अशा पाण्यात धावता येत नाही. खांद्यावर माणूस असेल तर पाय चिखलातून उपसत एकेक पाऊल टाकावं लागतं. त्यानंतर पूर्वेच्या बांधाचा हा चढ. भिजलेले कपडे, निसरडी माती, पायाखाली सुरुंग, वरून मोर्टार आणि मशीनगनचा मारा. नामदेवांनी एका जखमीला असं सुखरूप पोचवलं. मग परत खाली उतरले आणि दुसऱ्याला आणलं. वाट कशी आहे हे एव्हाना त्यांना पुरतं कळलं होतं. तरीही दुसऱ्यांदा पाण्यात पाय घातला, आणि मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं धैर्य तेच.

ते तिसऱ्यांदा निघाले ते ठाण्यांच्या रोखाने. पहिलं ठाणं टॉमी गनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, गप्प केलं. हाताला गोळी लागली, गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपले तसे सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले, पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. उरलेली दोन्ही ठाणीही संपवली.

आणि मग हा माथा. मोर्टारचे गोळे पडत असताना नामदेव इथे उघड्यावर उभे राहिले, मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि हात हलवून उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावलं.

पलटणीने पलीकडे पाय रोवला. 2 मे रोजी इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती अमलात आली. शिपाई नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

त्यांच्याबरोबर पाण्यात उतरलेल्या बाकीच्यांविषयी पदकाच्या मानपत्रात एवढाच उल्लेख आहे, की ते मारले गेले. नावं नाहीत.

हे इटलीतलं फोर्ली. भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी. ज्यांच्यावर अग्निसंस्कार झाले, त्यांची नावं या स्मारकावर कोरली आहेत. कॅमेरा इथे जरा सावकाश फिरेल.