ऑक्सिजनची पकड : शिरोलीच्या भट्टीपासून टायटॅनियमपर्यंत

(दृश्य : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री. रात्रपाळीची शेवटची हीट (भट्टीतला एका वेळचा रस). चमच्याने रस काढून साच्यात सॅम्पल ओतलं जातं.)

निवेदन :

बिस्किटाएवढं हे सॅम्पल थंड झालं, तोंड घासून झालं, की स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, जातं. दोन-तीन स्पार्क पडतात आणि पडद्यावर आकडे उमटतात. नजर आधी कार्बन, सिलिकॉन, सल्फरवर जाते. बरंच खाली टायटॅनियमची ओळ असते. ०.०१५ टक्के, ०.०२० टक्के. एसजी आयर्नच्या (गोल ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाच्या) हीटला हा आकडा ०.०४ च्या पुढे सरकला की मेल्टिंगवाले सावध होतात. टायटॅनियम ग्रॅफाइटला नीट गोल होऊ देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्यांच्या जोडीला अळ्यांसारखे वाकडे आकार दिसू लागतात आणि कास्टिंगची ताकद घटते.

हे टायटॅनियम येतं पिग आयर्नमधून, रंगवलेल्या भंगारातून आणि इनॅमलच्या जुन्या भांड्या-टबांमधून. रंगातला पांढरेपणा आणि इनॅमलचा पांढरा लेप, दोन्हींत टायटॅनियम डायऑक्साइड असतं.

लोखंडाच्या रसात नकोसा असलेला हा धातू विमानाच्या इंजिनात, रॉकेटच्या टाकीत आणि माणसाच्या मोडलेल्या हाडात हवाहवासा असतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तिच्यात टायटॅनियम आहे, गॅलियम आहे, व्हॅनेडियमही आहे.

(दृश्य : रिकामी इंडक्शन भट्टी. लायनिंगवर हात फिरवणारा कामगार.)

या भट्टीत टायटॅनियम का वितळवता येत नाही, हे कळलं की पुढची गोष्ट सोपी होते. टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं. तापमानाची अडचण त्यामानाने लहान. आतलं लायनिंग सिलिकाच्या रॅमिंग मासचं, म्हणजे ठासून बसवलेल्या भुकटीचं, आहे आणि सिलिका म्हणजे सिलिकॉन अधिक ऑक्सिजन. वितळलेलं टायटॅनियम त्या सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतं. लायनिंगही जातं, धातूही जातो. ग्रॅफाइटची मूस घ्यावी तर ते कार्बन शोषतं. उघड्यावर ठेवावं तर हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही पितं. म्हणून ते पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या मुशीत, निर्वातात किंवा आर्गॉन या निष्क्रिय वायूत वितळवतात.

ऑक्सिजनवरची ही पकड सोडवायला जेवढी वीज आणि जेवढा कोळसा लागतो, तेवढा टायटॅनियमचा कार्बनचा बोजा, म्हणजे ते बनवताना हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड.

(दृश्य : राधानगरी तालुक्यातला सडा (डोंगराचा सपाट खडकाळ माथा). लाल जांभा, खुरटं गवत.)

सह्याद्रीचा काळा बेसाल्ट लाखो वर्षं पावसाने झिजला. सिलिका वाहून गेली आणि माथ्यावर ॲल्युमिनियम, लोह व टायटॅनियम उरलं. हाच आपला जांभा, आणि त्यात जागोजागी बॉक्साइट. बेसाल्टावर तयार झालेल्या बॉक्साइटात टायटॅनियम इतर ठिकाणच्या मानाने जास्त असतं. याच बेसाल्टातले इल्मेनाइटचे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचे, जड काळे कण नद्यांनी घाटाखाली नेले. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलं, तर काळबादेवी-मालगुंडच्या पुळणीवर ती काळी वाळू पायाखाली येते.

सड्यावरचं बॉक्साइट अल्युमिनासाठी (ॲल्युमिनियमच्या शुद्ध ऑक्साइडसाठी) बेळगावच्या बाजूला जातं. तिथे कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम विरघळतं. टायटॅनियम आणि लोह विरघळत नाही, ते लाल चिखलात उरतं. एक टन अल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन चिखल. मग त्यातून टायटॅनियम का काढत नाहीत? कण मायक्रॉनच्या मापाचे, टायटॅनियम वेगवेगळ्या खनिजांत विखुरलेलं, काही सोडा-चुन्याशी बांधलेलं. ॲसिड ओतलं तर ते आधी उरलेला सोडा मारण्यात खर्च होतं, मग लोहात. टायटॅनियमच्या वाट्याला येईपर्यंत ॲसिडचं बिल धातूच्या किमतीपुढे जातं. नागपूरच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रात लाल चिखलाच्या वापरावर काम चालतं. आमच्या मते आधी लोह वेगळं करणारी पद्धतच इथे टिकेल.

गॅलियमचं तसं नाही. बॉक्साइटच्या एका टनात ते साधारण ५० ग्रॅम असतं, पण सोड्यात विरघळतं. तोच द्राव पुन्हा पुन्हा फिरत असल्याने त्यात ते साठत जातं. विशिष्ट रेझिनच्या स्तंभातून द्राव पाठवला की पकडता येतं. अडचण व्हॅनेडियमची. तेही त्याच रेझिनला चिकटतं आणि जागा अडवतं. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हापासून या द्रावाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं आहे.

(दृश्य : काळी वाळू हातातून गळते. पुढे आराखडा : वाळूपासून स्पंजपर्यंत.)

धातूचं टायटॅनियम मात्र इल्मेनाइट आणि रुटाइलच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या खनिजाच्या) वाळूतूनच येतं. भारतात हे केरळमधल्या चवरा इथे होतं. केरळ मिनरल्स अँड मेटल्सचा वर्षाला ५०० टन क्षमतेचा स्पंजचा, म्हणजे सच्छिद्र कच्च्या टायटॅनियमचा, कारखाना तिथे २०११ पासून आहे. तंत्र हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळेचं, पैसा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा.

पहिली पायरी, इल्मेनाइटमधलं लोह काढणं. नेहमीची वाट कोळशाची. गरगर फिरणाऱ्या भट्टीत हजार-बाराशे अंशांवर कोळसा लोहाचा ऑक्सिजन घेतो, मग लोह गंजवून किंवा ॲसिडने धुवून काढतात. दुसरी वाट, विजेच्या भट्टीत लोह वितळवून खाली काढायचं आणि टायटॅनियमचा स्लॅग (मळी) वर ठेवायचा.

इथे हायड्रोजनचं नाव आता सगळीकडे ऐकू येतं. कॅनडात क्यूबेकमधल्या सोरेल-ट्रेसी इथे रिओ टिंटो कंपनी इल्मेनाइटचं आधी हायड्रोजनने क्षपण करून (त्यातला ऑक्सिजन काढून) मग वितळवण्याचं तंत्र प्रात्यक्षिक पातळीवर चालवते आहे. हिशोब मांडून बघू. एक टन शुद्ध इल्मेनाइटमधल्या लोहाचा ऑक्सिजन काढायला सुमारे १३ किलो हायड्रोजन पुरतो. तो पाण्यापासून काढायला किलोमागे ५० ते ५५ युनिट, म्हणजे एकूण ७०० युनिटच्या आसपास. भारतातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे झाले ४९० किलो. हेच काम कोळशाने केलं तर निव्वळ रसायनापुरता १४५ ते २९० किलो. भट्टी तापवायचा कोळसा यात धरलेला नाही, तो धरला की कोळशाचा आकडा बराच वर जातो. तरीही सांगायचं ते असं, की क्यूबेकमध्ये वीज पाण्यावरची आहे. औष्णिक विजेवर हायड्रोजन काढला तर धूर फक्त एका चिमणीतून दुसऱ्या चिमणीत जातो.

दुसरी पायरी क्लोरीनची. टायटॅनियम डायऑक्साइड आणि पेट्रोलियम कोक यांचा थर ९०० ते १००० अंशांवर क्लोरीनच्या झोताने उकळल्यासारखा हलता ठेवतात. टायटॅनियम क्लोरीनशी जुळून टायटॅनियम टेट्राक्लोराइड बनतं. १३६ अंशांना उकळणारा हा द्रव ओल्या हवेत पांढरा धूर सोडतो. ऊर्ध्वपातनाने तो शुद्ध करतात, पण व्हॅनेडियमचं ऑक्सिक्लोराइड १२७ अंशांना उकळतं. नऊ अंशांचं अंतर, नुसत्या उकळण्याने वेगळं होत नाही. म्हणून खनिज तेल किंवा तांबं घालून व्हॅनेडियम आधी घट्ट करून खाली बसवतात.

तिसरी पायरी विल्यम क्रोलची. लक्झेंबर्गच्या या धातुशास्त्रज्ञाला १९४० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि जगातलं बहुतेक टायटॅनियम आजही त्याच पद्धतीने होतं.

(दृश्य : शिरोली. लेडलच्या तळाशी फेरोसिलिकॉन मॅग्नेशियमचे खडे, वर पत्र्याचे तुकडे. रस पडताच लख्ख पांढरा उजेड.)

मॅग्नेशियमचा हा उजेड कोल्हापूरला रोजचा आहे. इथे ते लोखंडाच्या रसातला सल्फर आणि ऑक्सिजन घेतं. क्रोलच्या पोलादी पिंपात ते क्लोरीन घेतं. आर्गॉन भरलेल्या पिंपात मॅग्नेशियम वितळलेलं असतं, वरून टेट्राक्लोराइड हळूहळू सोडतात. ८०० ते ९०० अंशांवर टायटॅनियम स्पंजासारखं जमत जातं आणि मॅग्नेशियम क्लोराइडचा रस अधूनमधून खालून काढून घेतात.

एका किलो टायटॅनियमला सुमारे चार किलो टेट्राक्लोराइड आणि एक किलो मॅग्नेशियम लागतं. घाई केली की बिघडतं. क्रियेतून स्वतःचीच उष्णता निघते. सोडण्याचा वेग वाढला आणि पिंपाची भिंत १०८५ अंशांच्या आसपास पोचली, तर त्या तापमानाला टायटॅनियम आणि लोखंड एकमेकांत विरघळून रस होतो आणि भिंतच खाल्ली जाते. मग हजार अंशांच्या आसपास निर्वातात कित्येक तास, मोठ्या पिंपाला दिवसच्या दिवस, उरलेलं मॅग्नेशियम आणि त्याचं क्लोराइड उडवून लावतात. क्लोराइड थोडं जरी मागे राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाण्यासोबत ऑक्सिजन परत धातूत शिरतो. भिंतीला चिकटलेली साल लोखंडाने बाटलेली असते, ती वेगळी ठेवतात. सर्वांत चांगला माल गाभ्याचा.

कार्बन कुठे जास्त, याचं उत्तर अनेकांना चकवतं. क्लोरीनच्या पायरीत कोक जळताना दिसतो, पण रसायनाने एका किलो टायटॅनियममागे कार्बन डायऑक्साइड जेमतेम एक किलोच्या घरात येतो. मॅग्नेशियम क्लोराइडमधून मॅग्नेशियम विद्युतकुंडांत परत मिळवायला मात्र किलोमागे १० ते १४ युनिट वीज जाते. ग्रिडच्या विजेवर ते आठ-नऊ किलो झाले. जिथे धूर दिसत नाही, तिथे आकडा मोठा आहे. कोकला पर्याय शोधण्याआधी या विद्युतकुंडांची वीज बदलायला हवी, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

नव्या वाटा आहेत. केंब्रिजमध्ये फ्रे, फार्दिंग आणि चेन यांनी २००० साली दाखवलं, की टायटॅनियम डायऑक्साइडचा गोळा वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ऋण टोकाला बांधून सुमारे ३ व्होल्ट दिले, तर ऑक्सिजन आयन होऊन निघून जातो. क्लोरीनची पायरीच गळते. पण धन टोक कार्बनचं असतं, तेही जळतं. शेवटचा ऑक्सिजन निघता निघत नाही आणि तोवर वीज वाया जाते. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात हायड्रोजनच्या वातावरणात मॅग्नेशियमनेच थेट ऑक्साइड क्षपण करण्याची पद्धत उभी राहिली. तिच्यातून पावडर मिळते.

(दृश्य : गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतीतलं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं कटिंग) मशीन. चिप्स, म्हणजे कापलेल्या धातूचा किस, उडतात. कॅमेरा एका चिपवर थांबतो.)

या सगळ्या खर्चाने बनलेला टायटॅनियमचा ठोकळा मशीनवर येतो. विमानाच्या अनेक भागांत ठोकळ्याचा मोठा हिस्सा चिप्स होऊन खाली पडतो. त्या चिपमध्ये ऑक्सिजनशी झालेली सगळी झटापट, वीज आणि मॅग्नेशियम साठवलेलं आहे. तिचा दर्जा टिकवला तर ती पुन्हा त्याच ग्रेडचा धातू होते. कोल्हापूरच्या मशीन शॉपला टायटॅनियमचा कार्बन कमी करण्याची सर्वांत मोठी संधी आहे ती इथे.

ही चिप जवळून बघा. चांदीसारखी पांढरी आहे. शेजारची पिवळट-निळी. निळी चिप तापून ऑक्सिजन प्यायलेली. टायटॅनियममधून उष्णता कास्ट आयर्नच्या मानाने फार हळू जाते, ती सगळी टूलच्या कडेला साठते. कास्ट आयर्नवर मिनिटाला दीडशे-दोनशे मीटर वेग घेणाऱ्या हाताला इथे ४५ ते ६० मीटरवर थांबावं लागतं. फीड (टूल पुढे सरकवण्याचं माप) कमी करू नये, घासलं की जास्त तापतं. इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) बोथट व्हायच्या आधी बदलावा. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ग्रेड ५ मध्ये (ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेल्या टायटॅनियममध्ये) ऑक्सिजनची मर्यादा ०.२० टक्के, म्हणजे किलोमागे दोन ग्रॅम. त्यातला बराचसा ठोकळ्यातच असतो, चिपसाठी फारशी सूट उरत नाही.

काल याच मशीनवर एसजी आयर्नचं हाउसिंग झालं असेल, तर बेड, चिप कन्व्हेयर आणि कूलंटची टाकी आधी पूर्ण धुवावी लागते. लोखंडाची बोरिंग (मशीनवर निघालेली पूड) ग्रेड ५ मध्ये मिसळली की लोहाची मर्यादा ओलांडते. चुंबकाने बरंच निघतं, सगळं निघत नाही. आणि गंजलेली बोरिंग व टायटॅनियमची बारीक पूड एकत्र पडली, तर ठिणगीने थर्मिटसारखा भडका होतो.

इन्सर्टची कड तुटली तर तुकडा शोधायचाच. सापडला नाही तर त्या ड्रमवर तसं लिहायचं. टंगस्टन कार्बाइडचा तो कण टायटॅनियममध्ये वितळत नाही, बसून राहतो आणि तिथून तडा सुरू होतो. जळून नायट्रोजन प्यायलेली चिपही तितकीच घातक. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० विमान कोसळलं, ११० हून अधिक माणसं गेली. पंख्याच्या टायटॅनियम चकतीत ओतकामाच्या वेळीच राहिलेला असा एक कडक कण मुळाशी होता.

म्हणून आता कोल्ड हर्थ भट्टी. थंड तांब्याच्या उथळ पात्रात इलेक्ट्रॉन किरण किंवा प्लाझ्माने रस वाहता ठेवतात. टंगस्टन जड, ते तळाला बसून गोठतं. नायट्रोजनचे कण रसात थांबले की विरघळतात. इलेक्ट्रॉन किरणाच्या निर्वातात ॲल्युमिनियम उडून जातं, ते आधीच जास्त घालावं लागतं. प्लाझ्मात ही अडचण कमी.

मिसळलेल्या चिप्सचं काय होतं? त्या फेरोटायटॅनियमला जातात. लोखंडाबरोबर वितळवून ७० टक्क्यांचं मिश्रण करतात. क्रोलच्या पिंपाची भिंत खाणारं तेच कमी तापमान इथे उपयोगी पडतं. पोलादातला ऑक्सिजन काढायला ते घालतात, आणि टायटॅनियम पुन्हा ऑक्साइड होऊन स्लॅगमध्ये जातं. सड्यावर होतं त्याच रूपात परत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १५०० कोटींची योजना मंजूर केली, पण ग्रेड जपायचं काम मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाचंच राहतं.

(दृश्य : ड्रमांची रांग. शेजारी कोरड्या वाळूच्या बादल्या.)

चिप्स आधी निथळायच्या, सेंट्रिफ्यूजमधून काढायच्या, अल्कली साबणाने धुवायच्या, कोरड्या करायच्या. ओल्या चिप्स घट्ट झाकणात कोंडायच्या नाहीत. बारीक पूड वेगळी, थोडी थोडी, शेडच्या बाहेर. आग लागली तर पाणी नाही. जळतं टायटॅनियम पाण्यातलाही ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं. कोरडी वाळू, कोरडं मीठ किंवा डी वर्गाची पावडर. प्रत्येक ड्रमला एकच ग्रेड. झाकणावर खडूने लिहायचं नाही, पुसलं जातं. पत्र्याचा टॅग, त्यावर ठोकलेले आकडे : ग्रेड, हीट नंबर, मशीन, तारीख.

(दृश्य : पंचावर हातोडा पडतो.)