बर्लिनचा मोकळा रविवार

[दृश्य: ओढलेल्या शटरांची रांग, रिकामा रस्ता]

सकाळचे दहा. बर्लिनचा नॉयक्योल्न भाग. सुपरमार्केट बंद, कपड्यांची दुकानं बंद, खिळे-स्क्रू विकणारंही बंद. काल रात्री उशिरापर्यंत याच रस्त्यावर पिशव्या घेऊन माणसं फिरत होती. आज रविवार आहे.

नोकरीसाठी, शिक्षणासाठी वर्ष-दोन वर्षं इथे राहायला आलेल्यांच्या सुरुवातीचे रविवार अंगावर येतात. दूध संपलेलं असतं, आणि ते कुठे मिळेल हे शोधण्यातच सकाळ जाते. हे शटर का ओढलेलं आहे हे एकदा समजून घेतलं, की हा दिवस हाती लागतो.

[दृश्य: दगडी चर्च, घंटा, जुनी कारखान्याची इमारत]

इ.स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइननं फर्मान काढलं. न्यायाधीश, शहरातली माणसं आणि कारागीर यांनी रविवारी काम थांबवावं. शेतकऱ्याला मात्र मोकळीक दिली, कारण पेरणीची वेळ हुकली तर ती परत मिळत नाही. पुढे कारखाने आले, आठवड्याचे सातही दिवस यंत्रं चालू लागली, आणि १८९१ मध्ये जर्मनीत कारखान्यांतल्या रविवारच्या कामावर कायद्यानं बंदी आली. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या प्रजासत्ताकाच्या घटनेत, तर कलम १३९ हे रविवारसाठीच लिहिलं गेलं. रविवार आणि सरकारमान्य सुट्ट्या हे कामातून विसाव्याचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून संरक्षित राहतील, असं ते सांगतं. आजची, म्हणजे १९४९ ची घटना लिहिताना कलम १४० मधून हे वाक्य जसंच्या तसं आत घेतलं गेलं. ते आजही लागू आहे. एखाद्या देशाच्या घटनेत आठवड्याच्या एका वाराला जागा असावी, हे थांबून पाहावं असंच आहे.

दुकानांच्या वेळांचा देशभरासाठीचा कायदा १९५६ चा. २००६ मध्ये हा अधिकार राज्यांकडे गेला. बर्लिननं सोमवार ते शनिवार चोवीस तासांची मुभा दिली आणि नाताळच्या आधीचे चारही रविवार खरेदीला खुले केले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ही दोन्ही मोठी चर्च न्यायालयात गेली. १ डिसेंबर २००९ ला संघराज्याच्या घटना न्यायालयानं सांगितलं, की सलग चार रविवार उघडे ठेवणं घटनेत बसत नाही. दुकानदाराला गल्ला हवा आहे आणि गिऱ्हाइकाला खरेदीची हौस आहे, एवढं कारण रविवार मोडायला पुरत नाही. या एका मुद्द्यावर चर्च आणि कामगार संघटना आजही एका बाजूला उभ्या आहेत. आता बर्लिनमध्ये वर्षाकाठी मोजकेच रविवार दुपारी एक ते रात्री आठ दुकानं उघडतात.

[दृश्य: बेकरीची रांग, कागदी पिशवीत पडणारे पाव]

बंद म्हणजे सगळंच बंद नव्हे. पाव-केक, फुलं आणि वर्तमानपत्रं विकणाऱ्यांना रविवारी सकाळी सात ते दुपारी चार मुभा आहे. बऱ्याच बेकऱ्या त्याआधीच आवरतात, म्हणून छोटे पाव, इथल्या भाषेत श्रिपं, हवे असतील तर सकाळीच निघावं. थोडी सुटी नाणी जवळ ठेवावीत. कॅफे, उपाहारगृहं, संग्रहालयं उघडी असतात. मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केटही उघडं असतं, पण आठवड्याची खरेदी तिथे काढायचा विचार सोडावा. अर्धं शहर त्याच रांगेत असतं. त्यापेक्षा शनिवारी दूध, भाजी, अंडी आणि रोजची औषधं घरात आणून टाकावीत. मोकळ्या रविवारसाठी करायची तयारी एवढीच, आणि ती शनिवारीच संपते.

अचानक औषध लागलं तर जवळच्या कुठल्याही बंद औषधाच्या दुकानाच्या दारावर त्या दिवशी कुठलं दुकान उघडं आहे ते लिहिलेलं असतं. तिथे अडीच युरो जादा द्यावे लागतात. डॉक्टर हवा पण जिवावरचं नाही, तर ११६११७. जिवावरचं असेल तर ११२.

घरातही रविवार पाळला जातो. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या कचऱ्यासाठीच्या डब्यात टाकायला जायचं नाही. त्या खणखणाटाची तक्रार होते. वॉशिंग मशीनबद्दल इमारतीची नियमावली आधी वाचावी, कारण ती घरागणिक वेगळी असते.

[दृश्य: टेम्पेलहोफ, धावपट्टीवर सायकली, आकाशात पतंग]

रविवार घालवायचा एक पर्याय म्हणजे टेम्पेलहोफचं मैदान. हे विमानतळ होतं. १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली, तेव्हा कोळसा आणि अन्न घेऊन विमानं इथेही उतरत होती. ऑक्टोबर २००८ मध्ये शेवटचं विमान उडालं, मे २०१० मध्ये फाटकं लोकांसाठी उघडली. तीनशेहून जास्त हेक्टर मोकळी जागा, दोन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या दोन धावपट्ट्या. कडेनं इमारती बांधायचा बेत होता. २५ मे २०१४ ला बर्लिनकरांनी सार्वमतात तो फेटाळला, म्हणून हे आकाश अजून इतकं मोठं दिसतं.

इथे येऊन काय करायचं, हे ठरवावं लागत नाही. चालावं, बसावं, पतंग पाहावेत. पण तीन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. मैदानात सावली जवळजवळ नाही, तेव्हा उन्हाळ्यात टोपी आणि पाणी हवंच. वारा अडवायला काही नाही, त्यामुळे मे महिन्यातही जाकीट लागतं. आणि फाटकं बंद व्हायची वेळ महिन्यागणिक बदलते, जूनमध्ये रात्री उशिरा, तर डिसेंबरमध्ये संध्याकाळी लवकर. गवतात दोरी लावून राखलेले पट्टे दिसतात. तिथे चंडोल जमिनीवर घरटी करतात, पाऊल टाकायचं नाही. शेगडी पेटवायची तर नेमून दिलेल्या जागीच.

या शांततेतही परिचारिका, बसचालक आणि बेकरीतली माणसं कामावर असतात, आणि एकट्या राहणाऱ्याला हा दिवस जडही जातो.

[दृश्य: वानझे धक्का, निघणारी बोट, पाण्यावरून मागे जाणारी झाडं]

दुसरा पर्याय पाण्याचा. एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, एस-१ किंवा एस-७ गाडीनं वानझे तळ्याजवळचं स्टेशन गाठावं आणि उतारावरून धक्क्यापर्यंत चालत जावं. एफ-१० ही बोट तासाला एकदा सुटते आणि साधारण वीस मिनिटांत पलीकडच्या काठावरच्या क्लाडोला पोचते. ती शहराच्या वाहतूक सेवेचाच भाग आहे, एबी विभागाचं, म्हणजे शहराच्या हद्दीपुरतं, साधं तिकीट चालतं. चूक होते ती इथे: एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेनं. त्यावर परतीचा प्रवास करता येत नाही. दिवसभर भटकायचं तर चोवीस तासांचं तिकीट घ्यावं. यंत्रातून काढलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यावा. शिक्का नसेल तर साठ युरो दंड होतो. सायकलला वेगळं तिकीट लागतं. ऊन पडलं की धक्क्यावर गर्दी होते आणि बोट भरली की पुढच्या तासापर्यंत थांबावं लागतं. दाट धुकं किंवा बर्फ असेल तर बोट सुटतच नाही. परतताना तीच वाट नको असेल, तर क्लाडोहून एक्स-३४ बस थेट झू स्टेशनला आणते.

गाड्यांचं एक सांगायला हवं. रुळांची दुरुस्ती बहुतेक शनिवार-रविवारी काढतात. मग मध्येच गाडीऐवजी बस येते आणि अर्धा तास वाढतो. वेळ गाठायची नसली, की त्या अर्ध्या तासाचा जाच होत नाही. म्हणून रविवारी तासांच्या हिशेबानं भेटी बांधू नयेत. एक दिशा धरावी, आवडेल त्या स्टेशनावर उतरावं.

[दृश्य: संध्याकाळ, खिडकीत फोनवर बोलणारी माणसं]

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनला घड्याळ पुन्हा दोनवर येतं, आणि तो रविवार पंचवीस तासांचा होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तेवीसच मिळतात. फोन आपोआप बदलतो, ओव्हनचं घड्याळ हातानं बदलावं लागतं. उन्हाळ्यात भारताशी साडेतीन तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेचारचं. इथे संध्याकाळी पाचला फोन लावला, तर हिवाळ्यात तिकडे साडेनऊ वाजलेले असतात. आई-बाबा लवकर झोपत असतील, तर दुपारच्या जेवणाआधीच बोलून घ्यावं.