भिंतीतली माशी

(काळा पडदा. रातकिड्यांचा आवाज. मग टॉर्चचा उजेड मातीच्या भिंतीवर सरकतो.)

या भिंतीकडे नीट बघा. धान्याच्या कोठीमागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक भेग आहे. करंगळीचं नखसुद्धा जाणार नाही इतकी बारीक. टॉर्च तिरका धरला की भेगेच्या काठाशी काहीतरी हलतं. पिवळसर, केसाळ, जेमतेम तिळाएवढं. बसताना ती पंख मिटत नाही, पाठीवर तिरके उभे धरते. बोट जवळ नेलं तर भुर्रकन उडून जात नाही, टुणकन उडी मारून दोन बोटं पलीकडे बसते. आणि आवाज अजिबात नाही. डास निदान कानाशी गुणगुणतो, आपण झोपेत हात तरी झटकतो. ही चाहूलच लागू देत नाही.

हिला मराठीत वाळूमाशी म्हणतात. दवाखान्यातले लोक सँडफ्लाय म्हणतात. हिच्या चाव्यातून चांदीपुरा नावाचा एक विषाणू लहान मुलाच्या अंगात शिरतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. सकाळी तापलेलं मूल संध्याकाळी आकडीनं ताठ होतं. अनेकदा दोन दिवसांत सगळं संपतं.

(बडोदा. दांडिया बाजार, पावसाळी सकाळ. सूरसागरच्या कठड्यावर पावसाचे थेंब.)

मी नागपूरची लेक आणि बडोद्याची सून. आमच्या घरी बोलणं मराठीत आणि पेपर गुजराती. २०२४ च्या जुलैत एका सकाळी सासूबाईंनी पेपरातून मान वर केली आणि विचारलं, "अगं, हे चांदीपुरा तुमच्या नागपूरकडचं ना?"

हो, तिकडचंच. १९६५ साली नागपुरात तापाची साथ होती. चांदीपुऱ्यातल्या दोन तापकरी रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला एक नवा विषाणू सापडला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे जिथे सापडला त्या जागेचं नाव त्याला दिलं. हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही झाली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून येणारा रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. आकारही तसाच, बंदुकीच्या गोळीसारखा.

माझ्या माहेरच्या एका जागेचं नाव मुलांचा जीव घेणाऱ्या आजाराला लागलंय, याचं मला वाईट वाटतं. तिथल्या माणसांनी काय केलं होतं? त्यांनी फक्त आपलं रक्त तपासायला दिलं होतं.

नंतर अडतीस वर्षं या विषाणूचं नाव प्रयोगशाळेबाहेर फारसं कुणी घेतलं नाही. २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलं पटापट बेशुद्ध पडू लागली. ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. त्याच वर्षी आपल्या विदर्भातही मुलं दगावली. आणि लगेच पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, साथ गुजरातच्या पूर्व पट्ट्यात आली. रुग्णांचा आकडा लहान होता, पण त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त वाचले नाहीत. म्हणजे सासूबाईंनी २०२४ मध्ये वाचलेलं नाव गुजरातला नवं नव्हतं. मधल्या वीस वर्षांत आपण शहरातली माणसं ते विसरलो होतो.

(पडद्यावर अक्षरं: जून ते १५ ऑगस्ट २०२४)

जागतिक आरोग्य संघटनेनं या काळातले भारताचे आकडे दिले आहेत. अचानक मेंदूला सूज आल्याची लक्षणं असलेले २४५ रुग्ण. मृत्यू ८२. तपासणीत चांदीपुरा नक्की ठरला तो ६४ जणांमध्ये, आणि त्यातले ६१ एकट्या गुजरातचे. वीस वर्षांतली ही सगळ्यात मोठी साथ.

२४५ आणि ६४ यांच्यातलं अंतर बघा. उरलेल्या मुलांना काय झालं होतं? मेंदूज्वर हे एका रोगाचं नाव नव्हे. जपानी मेंदूज्वर, डेंग्यू, नागीण ज्यानं होते त्या कुळातले विषाणू, गवतातल्या किड्यापासून येणारा स्क्रब टायफस, असे कितीतरी आजार एकाच रूपात समोर येतात: ताप, उलटी, आकडी, शुद्ध हरपणं. खाटेवरचं मूल बघून कारण ओळखता येत नाही. रक्त आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं. साथीच्या सुरुवातीला हे नमुने पुण्याला जायचे. नंतर गांधीनगरच्या गुजरात बायोटेक्नॉलॉजी रिसर्च सेंटरमध्ये तपासणी होऊ लागली, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. मूल गेल्यावर का होईना, कशानं गेलं हे त्याच्या आईला कळायला हवं. शिवाय त्याच घरात दुसरं मूल झोपलेलं असतं.

(आजवा तलाव. मग शहरातला पाण्याचा नळ, घागर भरते आहे.)

आता थोडं आपल्या शहराबद्दल. बडोद्यात आरोग्याचा विचार म्हणजे पाण्याचा विचार. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आजव्याचं पाणी नळानं शहरात आणलं, त्याचा अभिमान आमच्या घरातले आजोबा अजून सांगतात. डासांच्या बाबतीतही आपल्याला पाणीच शिकवलं गेलं. कुंडीखालची थाळी पालथी करा, कूलर पुसा, टाकीवर झाकण ठेवा. डेंग्यूसाठी हे सगळं बरोबरच आहे. जपानी मेंदूज्वराचा डासही पाण्यातलाच, भाताच्या खाचरात वाढणारा. बगळ्यांच्या आणि डुकरांच्या रक्तातला विषाणू तो माणसापर्यंत आणतो.

वाळूमाशीला मात्र साचलेलं पाणी लागत नाही. ती अंडी घालते ओलसर मातीत, भिंतीच्या फटीत, शेणाच्या ढिगाजवळ, जिथे कुजलेलं काही असेल आणि ऊन पोचत नसेल अशा जागी. मच्छरदाणी लावली तरी साध्या जाळीच्या भोकातून ती आत शिरते, कारण डासाच्या मानाने ती खूपच लहान. त्यामुळे पाणी साचू देऊ नका ही पाटी वाचून एखाद्या आईनं सगळं घर कोरडं ठेवलं, तरी तिच्या मुलाच्या उशाशी असलेली भेग तशीच राहते. डासावाटे, गोचिडावाटेही हा विषाणू पसरू शकतो असं सांगितलं जातं, पण संशयाची सुई सगळ्यात आधी वळते ती या माशीकडेच.

(बडोद्याहून पूर्वेकडे जाणारा रस्ता. मक्याची शेतं, मोहाची झाडं.)

पंचमहाल, दाहोद, छोटाउदेपूर. तिकडची गंभीर आजारी मुलं याच रस्त्यानं बडोद्याला, सयाजी हॉस्पिटलला येतात. छोटाउदेपूरहून शंभरेक किलोमीटर. पावसात किती वेळ लागेल याचा भरवसा नाही.

हा आजार घड्याळावर चालतो, म्हणून या रस्त्याचा एवढा विचार करावा लागतो. चांदीपुऱ्यावर लस नाही. विषाणू मारणारं ठरलेलं औषधही नाही. डॉक्टर जे करतात ते मुलाला तगवून धरण्याचं काम: आकडी थांबवायची, ताप उतरवायचा, रक्तातली साखर घसरू द्यायची नाही, मेंदूवरची सूज कमी करायची, श्वास अडला तर यंत्रावर ठेवायचं. ऐकायला साधं वाटतं. पण वेळेवर झालं तर मूल वाचतं, आणि वाचलेली बरीच मुलं चांगली बरी होऊन घरी जातात. म्हणून आकडीचं औषध बडोद्याला पोचेपर्यंत थांबायला नको. ते जवळच्या आरोग्य केंद्रातच मिळायला हवं. मोठ्या हॉस्पिटलच्या वाटेवर आधी तिथे थांबणं म्हणजे वेळ घालवणं, असं घरच्यांना वाटतं. त्यांना दोष कसा द्यायचा? केंद्राचं दार बंद सापडल्याचा अनुभव एकदा आला की माणूस पुन्हा तिकडे वळत नाही.

इकडे आकडीला खेंच म्हणतात. खेंच आली की कुणी चपलेचा वास देतं, कुणी कांदा फोडतं, कुणी दातांमध्ये चमचा घालतं. हे खेड्यातच होतं असं समजू नका. आमच्या दांडिया बाजारात, शिकलेल्या घरात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मुलाला कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. गळ्याजवळचे कपडे सैल करा. आकडी किती वाजता आली ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा.

(छोटाउदेपूर जिल्हा. एका राठवा आदिवासी कुटुंबाचं घर. संध्याकाळ.)

सुरुवातीला जी भिंत दाखवली ती या घरातली. बांबूचा सांगाडा, वर मातीचा लेप. ओसरीतून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर पिठोरा आहे. घोड्यांची रांग, शेत नांगरणारा माणूस, झाडावर चढणारा माणूस. पिठोरा म्हणजे शोभेचं चित्र नव्हे, तो घरातला देव आहे. तो काढायच्या आधी घरातल्या कुमारिका भिंत शेणामातीनं आणि पांढऱ्या मातीनं सारवतात.

साथीच्या वेळी आरोग्य खात्यानं मातीच्या घरांमधून मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारली. या घरातल्या आजोबांनी पावडर घेऊन आलेल्या माणसाला दारातच अडवलं होतं. देवावर विषारी भुकटी कशी टाकू द्यायची? तो माणूस वैतागून पुढच्या घरी निघाला. तेव्हा गावची आशाबेन, म्हणजे आशा कार्यकर्ती, मध्ये पडली. आजोबांना ती म्हणाली, "दादा, माशी घोड्यांपर्यंत चढत नाही. ती खाली राहते, पोरं झोपतात तिथे. खालच्या पट्ट्यात मारू द्या, देव वर राहील."

आजोबा बाजूला झाले.

तिचं बोलणं शास्त्राला धरूनच होतं. वाळूमाशी उडण्यात कच्ची. ती टुणटुण उड्या मारत जमिनीलगतच फिरते, संध्याकाळी आणि रात्री. मुलं खाली गोधडीवर झोपलेली असतात, अंगावर कपडे कमी. मोठ्यांनाही ती चावते, पण त्यांच्या रक्तात बहुधा आधीच प्रतिपिंडं तयार झालेली असतात, कधीतरी येऊन गेलेल्या तापाची. लहान मुलाकडे ती शिदोरी नसते. म्हणून चांदीपुरा बहुतेक पंधरा वर्षांखालच्या मुलांनाच गाठतो.

गोरखपूरकडे २००५ मध्ये जपानी मेंदूज्वरानं हजाराहून जास्त बळी घेतले, बहुतेक लहान मुलंच. देश हादरला आणि २००६ पासून लसीकरणाची मोहीम सुरू झाली. चांदीपुऱ्याचे रुग्ण शेकड्यांत मोजले जातात, तेही काही वर्षांच्या अंतरानं, आणि तेही अशा वाड्यांमधले जिथून आवाज गांधीनगरपर्यंत जाईस्तोवर पावसाळा संपलेला असतो. लस तयार करायला पैसा लागतो आणि पैसा मोठ्या आकड्यांमागे जातो. मला हे कळतं, पण मान्य होत नाही. लस येईपर्यंत आपल्या हातात आहे ती ही भिंत. पावडरीचा असर काही आठवड्यांनी ओसरतो. बुजवलेली भेग जास्त टिकते. गोठा झोपायच्या खोलीपासून दूर, शेणाचा ढीग दारापासून लांब, मुलाला खाटेवर झोपवणं, बारीक विणीची जाळी. आणि जमेल तिथे पक्कं घर, जे एकट्या कुटुंबाच्या ऐपतीत बसत नाही.

(कोठीजवळ. टॉर्च आशाबेनच्या हातात. एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घमेल्यात माती कालवते आहे.)

कोठी धान्यानं भरलेली होती. ती सरकवायला तिघं लागले. मागच्या भिंतीला किती वर्षांत हात लागला नव्हता, कुणास ठाऊक. टॉर्चच्या उजेडात एक भेग दिसत होती, तिच्याखाली आणखी दोन निघाल्या. मुलीनं ओल्या मातीचा गोळा घेतला, अंगठ्यानं भेगेत दाबला, वरून तळहात फिरवला. मग दुसरी. तिसरी भेग आत वळत गेली होती, तिथे तिनं काडीनं माती ढकलली आणि पुन्हा पुन्हा दाबत राहिली, आतून पोकळ आवाज यायचा थांबेपर्यंत.

आशाबेननं टॉर्च खाली, जमीन आणि भिंत जुळते त्या कोपऱ्यात धरला. "इथे पण," ती म्हणाली. मुलगी गुडघ्यांवर बसून पुढे सरकली.