मग तुम्हाला कोणी सांगितलं?

नमस्कार मंडळी. मला खरं तर मराठी शाळेच्या अहवालावर बोलायचं होतं, लिहूनही आणलाय, पण गेल्या रविवारी घरी जे झालं ते डोक्यातून जात नाहीये. अहवाल मेलवर पाठवते, आज हेच बोलू द्या.

माझे सासरे, अण्णा, सध्या आमच्याकडे आलेत. जेवताना विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा विषय निघाला. १९७२ च्या डिसेंबरात हे नाटक पुण्यात आलं तेव्हा अण्णा तिथेच कॉलेजात होते. ते एकदम तापले, नाना फडणवीसांची बदनामी, एका समाजाची बदनामी, सगळं कालच घडल्यासारखं. १९८० ला ही मंडळी नाटक घेऊन युरोपला निघाली तेव्हा परदेशात जाऊन आपली अब्रू घालवणार म्हणून केवढा विरोध झाला, त्यातल्या एका पत्रकावर अण्णांची सही होती. माझी मुलगी, पंधरा वर्षांची, सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "आजोबा, त्यातलं काय सगळ्यात वाईट वाटलं तुम्हाला?" अण्णा म्हणाले, "मी कशाला जातोय असलं नाटक बघायला!" तर ती म्हणाली, "मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

अण्णा पानावरून उठले. नवरा माझ्यावर चिडला, मी मुलीवर. मोठ्यांना असं विचारतात का, वगैरे. पण रात्री झोप येईना, कारण तिचा सूर उद्धट नव्हताच हो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आणि मंडळी, हा प्रश्न एकट्या अण्णांना नाही. मागच्या वर्षी आपल्या ग्रुपवर कोणीतरी तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'च्या नाट्यवाचनाचं सुचवलं होतं, आठवतंय? तासाभरात कितीतरी मेसेज आले. मुलं असतात, शोभेल असं काहीतरी घ्या, उगाच वाद नको. मोठ्यांसाठी वेगळं ठेवू या असंही कोणी म्हणालं नाही. मीसुद्धा अंगठा दाखवून मोकळी झाले, आणि तोपर्यंत मी ते नाटक वाचलं नव्हतं. याच नाटकावर सेन्सॉरनं बंदी आणली तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले, हायकोर्टातून नाटक सोडवून आणलं. त्यांना कोर्ट चढावं लागलं, आपल्याकडे ग्रुपवरच निकाल लागला. मी आता वाचलंय. काही जागी फार त्रास झाला, काही जागी त्यातल्या लक्ष्मीसाठी रडले. न आवडणं हा वाचकाचा हक्कच आहे, तेंडुलकरांवर भरपूर टीका करा, पण पान उलटून करा एवढंच माझं म्हणणं आहे.

तिकडे महाराष्ट्रातही हे थांबलेलं नाही. २०१९ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं निमंत्रण इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना देऊन परत घेतलं, संमेलनाध्यक्ष अरुणाताई ढेरे यांनी व्यासपीठावरूनच त्याबद्दल नापसंती सांगितली म्हणून निदान थोडी लाज राखली गेली. २०२२ च्या डिसेंबरात, माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला, अनघा लेले यांच्या कामाला, राज्य सरकारचा पुरस्कार जाहीर झाला आणि आठवड्याभरात रद्द झाला, वर निवड समितीही बरखास्त. त्या आठवड्यात आपल्याकडेही फॉरवर्ड फिरत होते. बाजूचे, विरोधातले, दोन्ही. पुस्तक किती जणांकडे होतं? मी इथे हात वर करायला सांगणार नाही.

माझी खरी भीती वेगळीच आहे. आपण निदान त्या काळात वाढलो, दिवाळी अंक उशाशी घेऊन झोपलो, बालगंधर्वच्या रांगेत उभे राहिलो. लेखकाशी भांडलो तरी तो आपल्या घरातला होता. माझ्या मुलीपर्यंत यातलं फक्त भांडण येतं. कोण कोणावर चिडलं, कोणी माफी मागितली, हे तिला मोबाईलवर इंग्रजीत पाच मिनिटांत कळतं, आणि मूळ मराठी पान तिला वाचताच येत नाही. आपल्या मराठी शाळेत चौथीच्या पुढचं पुस्तक आपण कधी उघडलंय, सांगा बरं. मीही तिथे शिकवते, मीही उघडलं नाही.

मंगळवारी मी 'घाशीराम' तिच्या हातात दिलं. अर्ध्या तासात दोन पानं झाली. अडलेले शब्द मला विचारत होती, मलाही सगळे आले नाहीत. अण्णा शेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. एका शब्दापाशी आम्ही दोघी अडलो तेव्हा पेपर खाली न ठेवताच त्यांनी अर्थ सांगितला. मग अजून एक. नंतर तिची परीक्षा आली, पुस्तक टेबलावर तसंच पालथं पडलंय, आणि अण्णांचं परतीचं विमान वीस तारखेला आहे.