टाकी भरली, ६.५२

[दृश्य: परातीत दूर्वा. दोन हात. आवाज फक्त पंख्याचा.]

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी डोंबिवलीतल्या या घरात दूर्वा निवडायचं काम एकाच माणसाकडे असतं. गड्डी सोडायची, पिवळी पाती बाजूला काढायची, तीन पात्यांचे कोवळे तुरे तेवढे घ्यायचे, २१ मोजायचे, मुळाशी दोरा गुंडाळायचा, जुडी उजवीकडे ठेवायची. घरापुरत्या जुड्या झाल्या तरी हात थांबत नाहीत, कारण इमारतीतल्या आणखी चार घरांच्या दूर्वा इथूनच जातात.

[दृश्य: चेहरा. खिडकीतून येणारा उजेड.]

वय ३६. घरच्यांच्या इच्छेनुसार या फिल्ममध्ये कुणाचंच नाव घेतलेलं नाही. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, तिचं ऐकून सगळी इमारत दादा म्हणते. आपणही दादाच म्हणू.

दादा ऑटिस्टिक आहे, म्हणजे माणसांशी, आवाजांशी, जगाशी जोडून घ्यायची त्याची रीत जन्मापासून वेगळी आहे. तो बोलतो, पण मोजकं. प्रश्नाचं उत्तर येतं. कधी लगेच, कधी तुम्ही विषय बदलल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी.

ऑटिझमवरच्या फिल्म बहुतेक लहान मुलांच्या असतात. थेरपीची खोली, रंगीत ठोकळे, आईच्या मांडीवर बसून उच्चारलेला पहिला शब्द. ती मुलं मोठी होतात. अठरा वर्षं झाली की विशेष शाळा संपते, शाळेबरोबर बस, बाई, डबा, शेजारच्या बाकावरचा मुलगा, सगळंच संपतं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या माणसाला कोण भेटतं, कोण हाक मारतं, हे फारसं कुणी विचारत नाही. आम्हाला तेच विचारायचं होतं.

[दृश्य: आरती. ताम्हन, निरांजन. काकांच्या मांडीवर झांजा. काका टाळ्या वाजवत आहेत.]

मोठ्या काकांच्या मांडीवर झांजा आहेत, पण ते टाळ्या वाजवत आहेत. या घराच्या आरतीत आता झांजा वाजत नाहीत. पूर्वी वाजायच्या, आणि तेव्हा दादा कान दाबून बाथरूममध्ये बसायचा. पाहुणे विचारायचे, आई काहीतरी सांगायची. आवाज सहन न होणं म्हणजे लाड नव्हेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांत आवाज, उजेड, स्पर्श यांना मिळणारा वेगळा प्रतिसाद २०१३ साली आला. घरोघरच्या आयांना तो त्याच्या कितीतरी आधी माहीत होता.

झांजा बंद करायचा निर्णय आजीने घेतला. काकांना तो आवडला नव्हता. आजी गेल्या, पण निर्णय टिकला.

[दृश्य: जिना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा, कानांवर जाड हेडफोन.]

टाळ्यांचाही त्याला त्रास होतो, म्हणून आरती संपेपर्यंत तो इथे उभा असतो. मंत्रपुष्पांजली सुरू झाली की वर येतो. तेव्हा टाळ्या नसतात, झांजा नसतात, सगळे हातात फुलं घेऊन एका लयीत म्हणत असतात. दादाला ती पूर्ण पाठ आहे. त्याचा आवाज इथे ऐका.

[पाच सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य: पहाट. इमारतीच्या मागची पंपाची खोली. पिवळा बल्ब.]

आता या फिल्ममधली सगळ्यात महत्त्वाची जागा. सहा फूट बाय चार फुटांची पंपाची खोली.

महापालिकेचं पाणी रस्त्याच्या लाइनमधून जमिनीखालच्या टाकीत पडतं. तिथून ते पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पाणी रोज एकाच वेळी येत नाही, एकाच जोराने येत नाही. खालची टाकी अर्धी असताना मोटर लावली तर ती मध्येच कोरडी फिरते आणि सील जळतं. तळाचा व्हॉल्व्ह गळत असेल तर रात्रीत पाइप रिकामा होतो, मोटर हवा धरते, फिरते पण पाणी उचलत नाही. मग वरचं बूच काढून नरसाळ्याने तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचं, बुडबुडे थांबले की बूच घट्ट बसवायचं, पुन्हा चालू. आणि वरची टाकी भरली की लगेच बंद, नाहीतर गच्चीवरून पाणी वाहतं आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर पडतं.

हे सगळं दादा करतो. कुणी त्याला समोर बसवून शिकवलं नाही. रत्नागिरीकडचे एक वॉचमनकाका होते. दादा रोज पहाटे खाली येऊन पंपाच्या खोलीच्या दारात उभा राहायचा. काकांनी त्याला हाकललं नाही, त्याच्याकडून बोलण्याची अपेक्षाही ठेवली नाही. ते आपलं काम करत राहिले, हा बघत राहिला. काही महिन्यांनी त्याच्या हातात नरसाळं आलं, मग बूच, मग किल्ली. एका शिमग्याला काका गावी गेले, आणि त्या आठवड्यात इमारतीत एकाही घराचं पाणी चुकलं नाही.

[दृश्य: दादा डोळे मिटून, एक हात भिंतीवर. मोटरचा आवाज.]

तो हात भिंतीवर का ठेवतो, ते नीट पाहा. खालचं पाणी संपत आलं की मोटरचा सूर बारीक होतो. आमच्या ध्वनिमुद्रकाला तो बदल हेडफोन लावून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळला. दादाला तो आधीच कळतो, हातालाही आणि कानालाही. झांजा ज्या कानांना सोसत नाहीत, त्याच कानांच्या भरवशावर ही मोटर चालते.

[दृश्य: लांब रेघांची वही. मोबाइलचा पडदा.]

बंद केल्यावर वेळ वहीत लिहायची आणि इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची. "टाकी भरली. ६.५२." एवढंच. खाली उत्तरं येतात. कुणाचा अंगठा, कुणाचं "थँक्यू दादा". तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज विचारतात, "आज जोर कसा होता?" आणि रोज उत्तर येतं, "बरा." किंवा "कमी." दादाच्या दिवसातलं हे सगळ्यात लांब संभाषण आहे, आणि ते कित्येक वर्षं सुरू आहे. ज्या माणसाविषयी लहानपणी सांगितलं गेलं की त्याला लोकांची ओढ नाही, त्याचा हा ग्रुप वर सरकवत जा. एकही दिवस मोकळा नाही.

[दृश्य: जुनी फाइल. पिवळे पडलेले कागद.]

फाइलमधला पहिला दाखला मतिमंदत्वाचा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यांत नव्हता, म्हणून मुलाला दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात बसवावं लागायचं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले, त्यात ते पक्कं झालं. आता प्रमाणपत्रासाठी 'आयसा' ही भारतीय मापनपट्टी वापरतात. सहा विभाग, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा त्याहून जास्त झाली की ऑटिझम. डोळ्याला डोळा देतो का, एकटा राहतो का, लोकांत मिसळतो का. प्रमाणपत्रासाठी हे लागतं, ते आम्हाला मान्य आहे. पण हे ४० मुद्दे एकाच माणसाला तपासतात. समोरचे लोक त्याच्यात मिसळतात का, हे त्यात कुठे मोजायचं?

[दृश्य: वाचनालयाचं सभागृह. रविवार. कॅरम, चित्रांच्या वह्या, एका कोपऱ्यात कापड दुमडणारी तरुणी.]

रविवारी पालकांनी मिळून चालवलेला कट्टा भरतो. सगळे वीस ते चाळीसच्या मधले. नियम दोनच. ट्यूबलाइट लावायची नाही, आणि कुणाला "बोल ना" म्हणायचं नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथे कुणी कुणाशी बोलतच नाही. थोडा वेळ बसा. निळ्या शर्टातला मुलगा चित्र काढतोय, शेजारी दादा त्याचे रंग लांबीनुसार लावतोय. मुलाला हिरवा हवा असतो, तो हात पुढे करतो, वर न बघता. दादा हिरवा देतो, तोही वर न बघता. आम्ही हे सलग चित्रित केलंय, कुठेही कापलेलं नाही.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या इंग्लिश समाजशास्त्रज्ञाने मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही, तसा तोही आपल्याला कळत नाही. २०२० मध्ये एडिनबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ते प्रयोगाने तपासलं. ७२ प्रौढ, आठ-आठ जणांच्या साखळ्या, पहिल्याला एक गोष्ट सांगायची आणि ती कानोकानी शेवटपर्यंत पोचवायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत गोष्ट तितकीच नीट पोचली, जितकी ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळ्यांत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळ्यांत. म्हणून या कट्ट्यावरची शांतता पाहून हळहळू नका.

[दृश्य: अमेरिकेचा नकाशा. मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट गाव.]

मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात १९३३ मध्ये डोनाल्ड ट्रिपलेट जन्मले. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांवर ऑटिझमचा पहिला गाजलेला शोधनिबंध लिहिला, त्यांतलं पहिलं मूल हे. लहानपणी त्यांना संस्थेत ठेवलं होतं. आईवडिलांनी वर्षभरात घरी परत आणलं. पुढे कॉलेज झालं, गावच्या बँकेत नोकरी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले, रोज गोल्फ, एकट्याने परदेशप्रवास. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी गेले. बँक आजोबांनी काढलेली होती, घरात पैसा होता, हे विसरून चालणार नाही. पण गोल्फच्या मैदानावर त्यांच्या शेजारी चालणारी माणसं पैशाने आली नव्हती. गावाला त्यांची सवय झाली होती.

[दृश्य: रात्रीचे साडेआठ. व्हिडिओ कॉल. दोन ताटं.]

बहीण लग्न होऊन नाशिकला असते. तिच्या लग्नाच्या वेळी नातेवाइकांनी सुचवलं होतं, दादाचा उल्लेख आधी नको. तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. रात्री साडेआठला ती ताट दाखवते, तो ताट दाखवतो. आज दोघांकडे वरणफळं आहेत. तो हसतोय.

काही गोष्टी या फिल्ममध्ये नाहीत. दादाने दोन वर्षं एका पॅकिंगच्या कारखान्यात काम केलं. सुपरवायझर बदलला आणि ते सुटलं. आई ६५ ची आहे, बाबा ७१ चे. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली दादाच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे गेलाय, पालक म्हणून बहिणीचं नाव आहे.

[दृश्य: नोटीस बोर्ड. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका.]

शूटिंग संपत आलं तेव्हा हा कागद लागला. पंपाला सेन्सर बसवायचा प्रस्ताव आहे. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होईल, पाणी वाया जाणार नाही, वीज वाचेल. सेक्रेटरींचं म्हणणं चुकीचं नाही. सेन्सर बसला तरी खालच्या टाकीत पाणी आलं का ते पाहायला, व्हॉल्व्ह तपासायला, वहीत वेळ लिहायला माणूस लागतोच, असं तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी लेखी कळवलंय. त्याखाली आणखी अकरा घरांच्या सह्या आहेत. दूर्वा नेणारी चारही घरं त्यात आहेत, आणि मोठे काका या इमारतीत राहत नसूनही त्यांनी सही करायला पेन मागितलं होतं.

सभा अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी आहे. प्रस्ताव चौथ्या क्रमांकावर आहे. सभेआधी, सभासदांच्या परवानगीने, ही फिल्म गच्चीवर दाखवली जाईल.