समान वेतनश्रेणी आणि तिथवरची वाट

उपस्थित प्राध्यापकहो आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

अमेरिकेत विद्यापीठाच्या अध्यक्षाचे वेतन बहुधा विश्वस्त मंडळ आणि उमेदवार यांच्या बोलणीतून ठरते, म्हणून समान पदावरील स्त्रीला आणि पुरुषाला किती मिळते, हा प्रश्न तेथे उघडपणे विचारला जातो. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत तो उद्भवतच नाही, असे आपण समजतो. सातव्या वेतन आयोगानंतरच्या वेतनयोजनेत कुलगुरूंचे मूळ वेतन दरमहा २,१०,००० रुपये आणि विशेष भत्ता ११,२५० रुपये आहे. पदावर कोणीही असो, आकडा तोच. ही व्यवस्था न्याय्य आहे आणि ती जपलीच पाहिजे. परंतु त्या वेतनश्रेणीपर्यंत कोण पोहोचते, याचे उत्तर वेतनश्रेणीत सापडत नाही.

हंसाबेन मेहता १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती, १९२० साली, भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ होत्या. तरीही तेथे स्त्री कुलगुरू व्हायला २०२४ उजाडले. मानाचे पद आणि कारभाराचे पद यांतले हे अंतर मला फार बोलके वाटते. दलित समाजाकडे पाहिले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, पुढे डॉ. भालचंद्र मुणगेकर मुंबईचे आणि डॉ. नरेंद्र जाधव पुण्याचे कुलगुरू झाले. ही नावे आपण अभिमानाने घेतो; पण ती बोटांवर मोजता येतात, याची खंत त्या अभिमानाइतकीच मोठी असायला हवी. एकाकी पदाला, म्हणजे संवर्गात एकच जागा असलेल्या पदाला, आरक्षण लावता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निर्णय आहे. त्यामुळे कुलगुरुपदापाशी सामाजिक न्याय सर्वस्वी निवड समितीच्या दृष्टीवर अवलंबून राहतो.

आता खालच्या पायरीकडे पाहू, कारण खरी गाठ तेथे आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील उच्च शिक्षणात शिकवणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रिया आहेत. प्राचार्यपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम पीएच.डी., प्रकाशित संशोधन आणि किमान १५ वर्षांची सेवा मागतात. ही १५ वर्षे मोजायची कशी? हंगामी किंवा कंत्राटी सेवा धरायची असेल, तर त्या काळातील एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाहून कमी नसावे, अशी अट त्याच विनियमांत आहे. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर, शिकवणाऱ्याला इतके वेतन मिळत नाही. म्हणजे ज्या शिक्षिकेला वर्षानुवर्षे कमी मोबदला दिला, तिची ती वर्षे कमी मोबदल्याच्याच कारणावरून सेवेतून वगळली जातात. पन्नाशीत ती प्राचार्यपदाच्या मुलाखतीला अपात्र ठरते, तेव्हा तिच्यावर कोणी अन्याय केला असे कोणत्याही कागदावर दिसत नाही. नियमाप्रमाणे सर्व काही झालेले असते. ज्यांच्या घरी बिनपगारी वाट पाहण्याची ऐपत नाही आणि ज्यांच्यावर मुलाबाळांची, आजारी माणसांची जबाबदारी आहे, त्यांच्या वाट्याला ही वर्षे अधिक येतात, असे माझे निरीक्षण आहे.

म्हणून माझी मागणी अगदी व्यवहारातली आहे. अध्यापनाचे काम नियमित शिक्षकाइतकेच केले असेल, तर त्या सेवेला वेतनाची अट लावू नये; कामाचा भार आणि पात्रता पाहावी. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या वार्षिक अहवालात संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य लिंग आणि सामाजिक प्रवर्गानुसार किती, त्यांतले प्रभारी किती, आणि पहिल्या तासिकेपासून नियमित नेमणुकीपर्यंत प्रत्येकाला किती वर्षे लागली, हा तक्ता छापावा. ही माहिती महाविद्यालयांच्या सेवापुस्तकांत आणि हजेरीपत्रकांत आजही आहे. ती गोळा करण्यासाठी नवा आयोग नेमावा लागत नाही; अधिसभेच्या (विद्यापीठाच्या सिनेटच्या) एका सदस्याने येत्या बैठकीत ठराव मांडला, तरी काम सुरू होऊ शकते.